सहल वाळवंटाची, गाठ पावसाशी

कांदा बराखीत पडला आणि मुलांच्या परीक्षा उरकल्या की महाळुंगे पडवळ, कळंब, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातून सहली निघू लागतात. पूर्वी त्या अष्टविनायकाला नाहीतर कोकणात जायच्या. आता दुबईचं पॅकेज आणि जैसलमेरचा तंबू गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच विकला जातो. त्यामुळे वाचकांचा एक प्रश्नही हल्ली सारखा येतो: वाळवंटात गेलो आणि पावसात अडकलो, विमान रद्द झालं, सफारी बुडाली. एजंट म्हणतो, निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय! मग आमचे पैसे गेलेच का?

सगळे जात नाहीत. किती परत मिळतील हे बरंचसं एका गोष्टीवर ठरतं: 'रद्द' आधी कुणी केलं, त्यांनी की तुम्ही. कंपनीनं रद्द केलं तर परतावा मागणं हा तुमचा हक्क असतो. घाबरून तुम्ही आधी रद्द केलं, तर तोच परतावा तिकिटाच्या अटींवर आणि समोरच्याच्या मर्जीवर जातो. पुढचं सगळं वाचताना हे धरून ठेवा.

वाळवंटात कसला आलाय पाऊस?

१६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत सुमारे २५४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथं १९४९ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा सर्वांत मोठा. दुबईत वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरही पडत नाही. धावपट्ट्यांवर पाणी साचलं, एकट्या एमिरेट्सची जवळपास ४०० उड्डाणं रद्द झाली, आणि प्रवाशांच्या सुमारे ३०,००० बॅगा मागे राहिल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनीच जाहीर पत्रात सांगितलं. तीन दिवसांनी भारतीय दूतावासानं सूचना काढली: गरज नसेल तर दुबईला जाणं किंवा दुबईमार्गे जाणं सध्या पुढं ढकला.

राजस्थानचंही तेच. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातेत जखाऊ बंदराजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याचा उरलेला पाऊस बाडमेर, जालोर, सिरोहीवर कोसळला. ऐन हिवाळ्यात, म्हणजे पर्यटनाच्या भरात, पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे तिकडे पाऊस होतो. त्याला ते 'मावठ' म्हणतात. मे महिन्यात धुळीची वादळं येतात. आपल्याकडे अवकाळी नवा नाही, पण आपल्याकडे ओढे-नाले असतात. तिकडे कडक जमिनीवर पाणी मुरत नाही आणि शहरांतली गटारं एवढ्या पावसासाठी बांधलेलीच नसतात. त्यामुळे पाऊस थांबला तरी गोंधळ तीन-चार दिवस चालतो.

बुकिंग करतानाच या गोष्टी पाहा

- तिकिटावर तुमचाच मोबाइल आणि ई-मेल हवा. बरेच एजंट स्वतःचा टाकतात. मग विमान रद्द झाल्याचा संदेश एजंटला जातो, परतावा एजंटच्या खात्यात जमा होतो आणि तुम्ही विमानतळावर फलकाकडे बघत बसता. तिकीट हातात आलं की कंपनीच्या अॅपमध्ये पीएनआर टाकून नंबर तपासा.
- पावती घ्या. रोख दिलेत तरी घ्या. पावतीवर विमान, हॉटेल, सफारी, व्हिसा यांचे पैसे वेगळे दाखवायला सांगा. 'पॅकेज ६५,०००' एवढंच लिहिलेलं असेल, तर पुढे 'सफारीचे पैसे परत द्या' म्हणायला आधार राहत नाही.
- जोडप्रवास एकाच तिकिटावर. पुणे ते दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली ते दुबई दुसरं, वेगळ्या कंपनीचं, असं असेल तर पहिलं विमान धुक्यात अडकल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला गैरहजर धरते. गैरहजर धरलं की त्याच तिकिटावरचं परतीचं बुकिंगही बहुधा रद्द होतं.
- अटींमधलं 'नैसर्गिक आपत्ती' हे कलम वाचा. इंग्रजीत असेल तर गावातल्या कॉलेजच्या पोरांकडून वाचून घ्या. पैसे परत, पुढची तारीख की क्रेडिट नोट, हे तिथंच ठरलेलं असतं.
- परतीनंतर दोन दिवस मोकळे ठेवा. सोमवारी लग्न आणि रविवारी रात्रीचं विमान, असं गणित मांडू नका.

कच्छच्या रणाला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पावसाळ्यात रणात पाणी भरतं आणि ते आटल्यावर मिठाचा पांढरा थर दिसतो. पाऊस लांबला की पाणीही लांबतं. 'रण पांढरं नव्हतं' म्हणून रणाकाठच्या धोर्डो गावातल्या तंबूचे पैसे परत मिळत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला जात असाल तर बुकिंगआधी त्या दिवशीचा व्हिडिओ मागवा, जाहिरातीतला नको.

इशारा आला आहे, निघायला चार दिवस आहेत

सगळ्यात जास्त पैसे याच चार दिवसांत बुडतात. टीव्हीवर पाण्यात तरंगणाऱ्या गाड्या दिसतात, घरातली वडीलधारी माणसं 'जाऊ नका' म्हणतात, आणि आपण रात्री अॅप उघडून तिकीट रद्द करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनी स्वतःच ते उड्डाण रद्द करते आणि इतरांना पूर्ण पैसे मिळतात.

म्हणून थांबा. राजस्थान-गुजरातसाठी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. अमिरातीसाठी तिथल्या राष्ट्रीय हवामान केंद्राची माहिती पाहा. मग विमान कंपनीच्या संकेतस्थळावर 'प्रवास सूचना' शोधा. मोठ्या संकटात कंपन्या ठरावीक तारखांच्या तिकिटांना फुकट तारीख बदलून देतात. तीच तुमची पहिली पसंती असावी. दुसरी, उड्डाणाच्या दिवसापर्यंत वाट पाहणं. स्वतः रद्द करणं अगदी शेवटी, आणि तेही उड्डाणाची वेळ टळण्यापूर्वी. न कळवता घरी बसणं सगळ्यात महाग.

तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी स्वतः रद्द केल्यावर विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळतात. मूळ भाडं जातं, हे जात नाही. एजंट हे सहसा आपणहून सांगत नाहीत.

जाता जाता एक: चाकणची कोंडी ही कुठल्याही कंपनीच्या लेखी नैसर्गिक आपत्ती नाही. पावसात महामार्गावर तीन तास अडकून विमान चुकलं तर ते तुमचंच चुकलं. महाळुंग्याहून लोहगाव असो की तळेगावमार्गे मुंबई, वेळ ढिली धरा.

विमान रद्द झालं: काय मागायचं, काय मिळणार नाही

भारतातल्या उड्डाणांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम लागू होतात.

१. उड्डाण रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. हवामान खराब होतं म्हणून हा हक्क जात नाही.

२. परतावा क्रेडिट म्हणून ठेवायचा की खात्यात घ्यायचा, हेही तुमच्या मर्जीवर. अॅपमध्ये घाईत 'ओके' दाबताना आधी वाचा. बहुतेक जण तिथंच क्रेडिट घेऊन बसतात.

३. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीवरच येते, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी. 'एजंटला विचारा' एवढ्या उत्तरावर गप्प बसू नका.

४. भरपाई मात्र विसरा. वेळेत न कळवता रद्द केलेल्या उड्डाणासाठी नियमांत १०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे, पण ती खराब हवामानाला लागू नाही. परतावा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरचा माणूस 'हवामानामुळे काही मिळत नाही' म्हणतो तेव्हा तो भरपाईबद्दल बोलत असतो आणि आपण परताव्यावरही पाणी सोडतो.

५. जेवण आणि हॉटेल: विलंब लांबला तर ते देण्याचा नियम आहे, पण हवामानासारख्या कारणाला कंपनीला त्यातून पळवाट आहे. तरीही मागा. दुबईच्या प्रसंगात एमिरेट्सनं १२,००० हॉटेलखोल्या आणि अडीच लाख जेवणाची कूपनं दिल्याचं सांगितलं. ती काउंटरपर्यंत पोचलेल्यांनाच मिळाली असणार. स्वतः खर्च केलात तर प्रत्येक बिल जपा.

एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. पाऊस सोमवारी थांबला, मंगळवारी इतरांची विमानं उडाली आणि तुमचं बुधवारी 'हवामानामुळे' रद्द झालं, तर ते कारण खरंच हवामान आहे की वैमानिक-कर्मचाऱ्यांची जुळवाजुळव? त्या वेळी सुटलेल्या इतर विमानांच्या फलकाचा फोटो काढून ठेवा आणि रद्द होण्याचं कारण कंपनीकडून लेखी मागा. पुढे वाद झाला तर हाच कागद बोलतो.

परदेशी कंपनी असेल तर परतावा तिच्या देशाच्या नियमांनुसार मिळतो. तत्त्व तेच, मुदती वेगळ्या.

तिथं अडकलात तर

आधी जीव. वाळवंटातलं कोरडं पात्र, ज्याला अरबी मुलखात 'वादी' म्हणतात, ते तासाभरात नदी होतं, आणि पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसतानाही होतं. २०२४ च्या त्याच एप्रिलमध्ये ओमानमध्ये शाळकरी मुलांची गाडी अशाच लोंढ्यात सापडून मुलं गेली. 'काही होत नाही, घालतो गाडी' म्हणणाऱ्या चालकाला सरळ नाही म्हणा. अमिरातीत तर पूर आलेल्या वादीत गाडी घातली की २,००० दिरहॅम दंड आणि ६० दिवस गाडी जप्त. नुसतं बघायला जवळ उभं राहिलात तरी १,००० दिरहॅम.

जैसलमेरजवळ सम किंवा खुडीच्या तंबूत वीज-वादळ गाठलं, तर उघड्या टेकडीवर थांबू नका, उंटावरून उतरा, आणि तंबूपेक्षा पक्की खोली किंवा बंद गाडी बरी. धुळीच्या वादळात गाडी रस्त्याच्या कडेला नाही, तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्या.

मग बाकीचं:

- विमान सुटणार हे कंपनीनं कळवल्याशिवाय हॉटेल सोडून विमानतळावर जाऊ नका. खोली सोडलीत की दुसऱ्या दिवशी तिचाच भाव दुप्पट असतो.
- भारतातलं सिम चालू ठेवा. तिकडचं सिम घालायला आपलं काढून ठेवलं की कंपनीचे संदेश आणि बँकेचा ओटीपी, दोन्ही बंद.
- बीपी-साखरेच्या गोळ्या जास्तीच्या आठवडाभराच्या न्या, त्याही हातातल्या पिशवीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. अमिरातीत काही औषधांवर कडक नियंत्रण आहे.
- वीज गेली की कार्ड आणि यूपीआय दोन्ही झोपतात. थोडी रोकड असू द्या.
- व्हिसाची मुदत पाहा. अमिरातीत मुदत उलटल्यावर दिवसाला ५० दिरहॅम दंड आहे. २०२४ मध्ये विमानं रद्द झाल्यामुळे अडकलेल्यांचा दंड माफ केला होता, पण विमान रद्द झाल्याचा संदेश जपलेल्यांचं काम सोपं होतं.
- अमिरातीत पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९८. भारतीयांच्या मदत केंद्राचा निःशुल्क क्रमांक ८०० ४६३४२. भारतात ११२.

लेकाकडे अमेरिकेला किंवा युरोपात निघालेल्या आणि दुबईत फक्त विमान बदलणाऱ्या आईवडिलांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे अमिरातीचा व्हिसा नसेल आणि तिथं उतरल्यावरही तो मिळत नसेल, तर ते विमानतळाबाहेर हॉटेलात जाऊ शकत नाहीत. त्यांच्या पिशवीत गोळ्या, एक शाल आणि मुलाचा नंबर कागदावर लिहून द्या. फोनची बॅटरी संपली की फोनमधला नंबर कामाचा नाही.

बॅग आली नाही

विमानतळ सोडण्यापूर्वीच काउंटरवर तक्रार नोंदवून अहवाल घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात खराब झालेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. पत्ता पूर्ण लिहा: महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव, आणि पिनकोड. नुसतं 'महाळुंगे, पुणे' लिहिलंत तर कुरियरवाला बॅग चाकणजवळच्या महाळुंगे इंगळेत किंवा थेट बालेवाडीशेजारच्या महाळुंग्यात घेऊन जाईल.

रेल्वेनं गेलात तर

नियम इथं स्वच्छ आहेत. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात, काही करायचं नाही. तुमच्या स्थानकावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल, तर पूर्ण परतावा मिळतो. मात्र गाडी सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायला हवा. लोक नेमकं हेच घरी येऊन भरतात. दोन गाड्यांचा प्रवास असेल तर बुकिंग करतानाच दोन्ही पीएनआर जोडून घ्या, म्हणजे पहिली गाडी उशिरा आल्यानं दुसरी चुकली तर तिचे पैसे परत मागता येतात. चौकशीला १३९.

पॅकेजवाल्याशी बोलताना

फोनवर भांडू नका. फोनवरचं भांडण पुरावा होत नाही. व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलवर साध्या भाषेत लिहा, उदाहरणार्थ:

'आमच्या सहलीत अमुक तारखेची सफारी आणि दोन रात्रींचं हॉटेल खराब हवामानामुळे मिळालं नाही. त्याचे घेतलेले पैसे परत करावेत. तुम्ही हॉटेल व सफारीवाल्याला पैसे दिले असतील तर त्याच्या पावत्या आणि त्यांचं रद्द करण्याचं धोरण पाठवावं. आम्हाला क्रेडिट नोट नको.'

यातलं तिसरं, पावत्यांचं वाक्य सोडू नका. 'पुढं पैसे भरून झालेत' असं प्रत्येक जण सांगतो. पावती मागितली की खरं किती भरलेत ते कळतं. जी सेवा मिळालीच नाही तिचे पैसे मागणं रास्त आहे. सफारी झाली पण पाऊस पडत होता, सूर्यास्त दिसला नाही, याचे पैसे मागू नका. त्यानं तुमची खरी मागणीही हलकी होते. आणि जादा अडकलेल्या रात्रींचा खर्च टूरवाल्याच्या माथी मारता येईल असं समजू नका. त्यासाठी विमा असतो.

विमा: घेतला म्हणजे झालं असं नाही

प्रवास विम्यात दवाखान्याचा खर्च ठळक अक्षरात असतो. सहल रद्द होणं, लांबणं आणि विलंब ही कलमं वेगळी, आणि स्वस्त पॉलिसीत ती नसतातही. किती तासांच्या विलंबानंतर पैसे मिळतात ते विचारा. मुख्य म्हणजे वादळाचा इशारा आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळाला सहसा लागू होत नाही. तिकीट काढलं त्याच दिवशी विमा घ्या. दाव्यासाठी विमान कंपनीचं विलंबाचं प्रमाणपत्र लागतं. ते विमानतळावरच मागा किंवा नंतर ई-मेलनं.

घरी कोण?

हे कुठल्या पर्यटन पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. गाई असतील तर धारा काढायला आणि डेअरीला दूध घालायला पाच दिवसांसाठी सांगितलेला माणूस आठ दिवस थांबू शकेल का, हे निघण्यापूर्वी विचारा. बराखीवरचा कागद, ठिबकची मोटार, वासरांना बिबट्यापासून आत बांधणं, हे कागदावर लिहून ठेवा. तिकडे अडकलेल्या माणसाचा निम्मा जीव गोठ्यात असतो, आणि त्या घाईत तो तिप्पट दरानं तिकीट काढतो.

दाद कुठं मागायची

- विमान कंपनीविरुद्ध: आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग केंद्र सरकारचं 'एअरसेवा' अॅप.
- टूरवाल्याविरुद्ध: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येतं. अनेक प्रकरणं इथंच मिटतात.
- तिथंही न मिटल्यास पुण्यातला जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.
- विमा कंपनीविरुद्ध: कंपनीला लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे. तिथंही फी नाही.

एक रक्कम मात्र आयकर खात्याकडेच मागावी लागते. परदेशी पॅकेजवर टूर कंपनी आयकराचा टीसीएस (बुकिंगवेळीच गोळा होणारा कर) घेते, आणि सहल रद्द झाल्यावर 'तो सरकारजमा झाला' म्हणून तेवढा कापून बाकीचं देते. ती रक्कम तुमच्या पॅनवरच्या आयकर नोंदीत दिसते आणि आयकर विवरणपत्र भरल्यावर परत मागता येते. आपल्याकडे फक्त शेतीचं उत्पन्न म्हणून विवरणपत्र न भरणारे पुष्कळ आहेत. त्यांचे हे पैसे तसेच पडून राहतात. बचत गटाची किंवा भावकीची सहल एकाच्या नावावर बुक केली असेल, तर टीसीएस कुणाच्या पॅनवर जमा झाला हे टूरवाल्याकडून लिहून घ्या. परतावा त्या पॅनधारकाच्याच खात्यात येणार आहे.